मदत हवी आहे: पुढच्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड किती वॅट ओढेल? घराचं वायरिंग आत्ता करायचंय

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत घरूनच आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी रेंडर, म्हणजे घराची हुबेहूब चित्रं, करून देते. सध्या १२ जीबी मेमरीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. त्याने आजवर बिनतक्रार साथ दिली, पण आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झाडाझुडपांसकट अख्खा बंगला उघडला की मेमरी पुरत नाही. बाग वेगळी, घर वेगळं असं रेंडर काढून नंतर जोडत बसते. म्हणून यापुढे एकदाच, पण सगळ्यात वरचं कार्ड घ्यायचं ठरवलंय. सध्याचं सगळ्यात वरचं आरटीएक्स ५०९० दोन लाखांच्या पुढे आहे. एवढे पैसे घालायचेच तर पुढची पिढी येईपर्यंत थांबायची तयारी आहे.

खरी अडचण विजेची आहे. घर सासऱ्यांनी १९८६ साली बांधलेलं. पुढच्या महिन्यात सगळं वायरिंग नव्याने करतोय. वायरमनकाकांनी विचारलं, "ताई, कॉम्प्युटरला किती लोड धरू?" मला काही सांगताच आलं नाही. परवा रात्रभराचं रेंडर संपल्यावर पिन काढली तर चटका बसला, सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी वर्तुळ उमटलंय. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की माझ्या टेबलावरचा दिवा मंद होतो. आणि हे कार्ड फक्त १७० वॅटचं आहे!

आकडे बघून पोटात गोळा येतो. २०२० चं ३०९० साडेतीनशे वॅटचं, २०२२ चं ४०९० साडेचारशेचं, २०२५ चं ५०९० थेट ५७५ चं. याच चढणीने पुढचं सातशेवर जाणार का? यूट्यूबवर रोज नवा आकडा ऐकते. ४०९० येण्याआधी ६०० काय, ९०० वॅटच्याही वावड्या होत्या, निघालं ४५०. ५०९० च्या वेळी ६०० म्हणत होते, ते मात्र जवळपास खरं ठरलं. मग विश्वास कशावर ठेवायचा? वायरिंग कोणत्या आकड्यावर करू? आणि पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आत्ताच १२०० वॅटचा घेऊन ठेवू का?

जाणकारांनी कृपया सांगावं.
– रेखाटणी

सह्यकडा:
ताई, वावड्या सोडा, चिप कशी बनते ते बघा. ३०९० सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलं होतं, ४०९० टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या बऱ्याच बारीक प्रक्रियेवर गेलं. त्यामुळे ३०९० टीआय या ३०९० च्या वरच्या आवृत्तीच्या त्याच ४५० वॅटमध्ये कितीतरी जास्त काम मिळालं. ५०९० मात्र ४०९० च्याच प्रक्रियेवर राहिलं. गाभे (आकडेमोड करणारे छोटे भाग) १६,३८४ वरून २१,७६० झाले, मेमरी २४ वरून ३२ जीबी झाली. प्रक्रिया तीच आणि चिप मोठी, मग वॅट वाढणारच. पुढची पिढी ३ नॅनोमीटरच्या वर्गात गेली, तर माझ्या मते आकडा ६०० च्या आसपासच थांबेल.

दुसरी गोष्ट केबलची. कार्डाला वीज देणारी १६ पिनांची केबल ६०० वॅटपर्यंतच आहे, मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून आणखी ७५. म्हणजे एका केबलच्या कार्डाला ६७५ च्या वर जागाच नाही. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, ते त्यातल्या सहा पिनांत वाटले जातात. एखादी पिन नीट बसली नाही की उरलेल्यांवर भार येतो. कनेक्टर वितळल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. दुसरी केबल लावल्याशिवाय कंपन्यांना फार वर जाता येणार नाही.

मेमरीसाठी थांबणार असाल तर मात्र थांबण्यात अर्थ आहे. ५०९० वर २ जीबीच्या सोळा मेमरी चिप्स आहेत. त्याच जातीच्या (जीडीडीआर७) ३ जीबीच्या चिप्स आल्या आहेत. तेवढ्याच जागेत त्या बसवल्या तर ४८ जीबी होतात. तेवढ्या बसवतील की नाही, हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न.

पितळीखिळा:
इलेक्ट्रिकचं काम करतो म्हणून लिहितोय. कार्ड ६७५, प्रोसेसर २५०, मॉनिटर वगैरे १५० धरा. पॉवर सप्लायमधली घट मिळवून भिंतीतून साधारण १२०० वॅट. २३० व्होल्टला सव्वापाच अँपिअर. पण आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की तोच लोड सव्वासहा अँपिअर ओढतो, तोही रात्रभर. म्हणजे ६ अँपिअरचा पॉइंट बाद. मेन बोर्डापासून स्वतंत्र चार एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. एसीची लाइन यात मिसळू देऊ नका. खोलीत १२०० वॅटची उष्णता रात्रभर राहिली तर मे महिन्यात एसी लागेलच.

पॉवर सप्लाय आत्ता घेऊ नका. भिंत पुन्हा फोडता येत नाही, डबा कधीही बदलता येतो, आणि वॉरंटी उगाच आत्तापासून सुरू होईल. घ्याल तेव्हा एटीएक्स ३.१ या पॉवर सप्लायच्या मानकाचा बघा. क्षणभराचे मोठे झटके सोसण्याची अट त्या मानकातच आहे.

आणि ते जळकं सॉकेट आजच बदला. वायरिंगची वाट पाहू नका.

सह्यकडा:
एक राहिलं. माझं ४०९० मी ७० टक्क्यांच्या मर्यादेवर चालवतो. रेंडरला तासामागे थोडीच मिनिटं जास्त लागतात, पण खोली आणि बिल दोन्ही आटोक्यात राहतं. तुमच्या १२०० वॅटच्या पूर्ण लोडला पाच तासांत सहा युनिट जातील. महिन्यात २५ रात्री म्हणजे दीडशे युनिट. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांचा टप्पा ओलांडला की दर चढतो, तो हिशेब आधी करा.

रेखाटणी:
दोघांचेही मनापासून आभार. सॉकेट दुपारीच बदलून घेतलं. उघडल्यावर आतली वायर स्क्रूपाशी काळी पडलेली दिसली, अंगावर काटा आला. काकांना चार एमएम आणि १६ अँपिअर सांगितलंय. ते विचारताहेत, अर्थिंगचा खड्डा जुनाच ठेवायचा की नवा घ्यायचा? जुना १९८६ चाच आहे.

पितळीखिळा:
नवाच घ्या. आणि काम झाल्यावर अर्थचा रेझिस्टन्स मोजून द्यायला सांगा, तुमच्यासमोर.