मदत हवी आहे : प्रवाहाविरुद्ध गेलेल्या चळवळींसाठी एक शब्द

नमस्कार मंडळी,

परळच्या आमच्या वाचनालयात मुंबईतल्या चळवळींवर छोटं प्रदर्शन लावतोय. फलकांचा मजकूर झाला, मथळा अडलाय. फ्लेक्सवाल्याला शनिवारी सकाळी द्यायचा आहे, आणि समितीतल्या एका काकांनी 'काउंटर-करंट्स' असं देवनागरीत छापायची धमकी दिली आहे. तेव्हा धाव घ्या.

फलक पाच. १८९१ चा संमतिवयाचा (शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्याने कोणत्या वयापासून धरायची याचा) वाद, १९५८ साली मुंबईत भरलेलं पहिलं दलित साहित्य संमेलन (उद्घाटक अण्णा भाऊ साठे), साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं (रूढ मासिकांबाहेरची, जमेल तशी निघणारी छोटी मासिकं), १९८२ चा गिरणी संप आणि १९९९ चं धारावीतलं पहिलं विद्रोही साहित्य संमेलन. सगळ्यांत समान एवढंच, की जे चालू होतं त्याच्या उलट दिशेला कुणीतरी निघालं. त्या उलट निघण्याला शब्द हवा. त्यात शाबासकी नको आणि शिवीही नको.

आतापर्यंत काय काय बाद झालं ते सांगतो, म्हणजे तेच परत सुचवायला नको.

'प्रतिगामी'चा नुसता अर्थ धरला तर उलट जाणारा, पण हा शब्द आता कुणी स्वतःला लावून घेत नाही, समोरच्याच्या कपाळावर चिकटवतो. 'प्रतिक्रांती' बाबासाहेबांच्या लेखनानंतर मराठीत एकाच बाजूला झुकली आहे, म्हणजे झालेली क्रांती उलथवणं. दलित साहित्य संमेलनाच्या डोक्यावर ती पाटी लावली तर लोक आम्हाला फलकासकट बाहेर काढतील. गंमत म्हणजे 'प्रति'मध्ये मुळात काही खोट नाही. १९४३ साली साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी उभं केलं ते प्रतिसरकारच. लोकांनी बोलता बोलता त्याचं पत्री सरकार केलं आणि आजही नाव घेताना छाती फुगते.

'विद्रोही' हे आता एका ठरावीक प्रवाहाचं नाव झालंय, ते सरसकट सगळ्यांना देणं बरं नाही. 'समांतर' सिनेमाला शोभतं; पण समांतर गोष्टी एकमेकींना भिडत नाहीत, आणि गिरणी संप चांगलाच भिडला होता. 'बंडखोर' वर्तमानपत्रांनी वाया घालवला, तिकीट कापलं की माणूस बंडखोर. 'प्रस्थापितविरोधी' अचूक आहे, पण फ्लेक्सवर रेल्वेच्या सूचनेसारखा दिसतो.

खरा गुंता पुढेच आहे. प्रवाह म्हणायचं कशाला? १९८२ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख गिरणी कामगार होते. गिरणगावात तेव्हा प्रवाह संपाचाच होता. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी करायचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कायदा, मालक, सरकार एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. संमतिवयाचं याच्या उलट. मुंबईच्या समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून रान उठवलं, शेवटी सरकारने वयाची मर्यादा १० वरून १२ केली. टिळकांनी कायद्याला विरोध केला आणि समाजातला मोठा गट त्यांच्या बाजूला होता. मग त्या फलकावर प्रवाहाविरुद्ध कोण, मलबारी की टिळक? समितीत यावरून दोन चहा झाले.

जाणकारांनी सुचवावं. संस्कृत जोडशब्द चालेल, पण आमच्याकडे पेपर वाचायला येणाऱ्या जुन्या गिरणी कामगारांना तो एका दमात वाचता आला पाहिजे.

प्रतिसाद १
'वक्री' घ्या की. दोन अक्षरं, सगळ्यांना माहीत.

प्रतिसाद २
वक्री नको. मंगळ साधारण २६ महिन्यांनी वक्री होतो तो फक्त आपल्याला दिसायला. पृथ्वी त्याला मागे टाकून पुढे जाते म्हणून तसं भासतं, तो बिचारा आपल्या वाटेनेच चाललेला असतो. शिवाय वक्री म्हटलं की लोक शांत करायला जातात. अर्थात मलबारी-टिळकांच्या फलकाला हे भलतंच लागू पडतं, कोण मागे चाललंय ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

प्रतिसाद ३
मी रायगडचा. आमच्याकडे पहिल्या पावसाला मासे खाडी-नदीतून पाण्याच्या उलट चढत शेतात येतात, त्याला वलगण म्हणतात. घाटावर चढणीचे मासे. पोटात गाबोळी असते, अंडी घालायला वर यावंच लागतं. रात्री बत्ती घेऊन माणसं बांधावर टपलेली असतात हा भाग वेगळा. 'चढण' बघा, उलट जाणं आहे आणि शिवी नाही.

प्रतिसाद ४
लाट आणि प्रवाह यांत गल्लत करू नका. लाट येते, ओसरते; प्रवाह कायमचा. १९८४ च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती, तेव्हा गिरणगावाने दक्षिण मध्य मुंबईतून दत्ता सामंतांना अपक्ष निवडून दिलं. त्याला 'लाटेविरुद्ध' म्हणा. साहित्य संमेलनांना नको, तिथे भांडण शंभर वर्षांचं आहे. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्येच ग्रंथकार सभेचं, म्हणजे आजच्या साहित्य संमेलनाच्या पूर्वरूपाचं, आमंत्रण नाकारलं होतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. १९८४ ची निवडणूक आमच्या फलकावर नव्हतीच, आता संपाच्या खाली दोन ओळी वाढवतोय. 'चढण' मला फार आवडला, पण दाराशी उभं राहून प्रत्येकाला मासे समजावत बसावं लागेल. सध्या वर मोठ्या अक्षरांत साधं 'प्रवाहाविरुद्ध' आणि प्रत्येक फलकावर कोणाच्या प्रवाहाविरुद्ध ते एका ओळीत, असं ठरतंय. चार ओळी जमल्या. संमतिवयाची जमत नाहीये. मलबारी आणि टिळक दोघंही एका वाक्यात यायला हवेत आणि ते कुणाच्या बाजूने लिहिल्यासारखं वाटता कामा नये. शुक्रवारी रात्रीपर्यंत कुणी लिहून दिलं तर उपकार होतील.