‘मिश्र’, ‘संयुक्त’ की आणखी काही?

सोलापुरात माझ्या काकांना अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघालाय. दवाखान्यातून मिळालेल्या मराठी कागदावर ‘मिश्र रसायनोपचार’ असं छापलंय. काकूंनी विचारलं, “दोन्ही औषधं एकाच बाटलीत कालवतात का रे?” मला उत्तर देता आलं नाही. कॉम्बिनेशन किमोथेरपीला बरा शब्द कोणता?

▪ काकूंचं काही चुकलं नाही. ‘मिश्र’ म्हटलं की कालवणंच डोळ्यांपुढे येतं. आपली शेंगाची चटणी हे मिश्रण. उखळात कुटल्यावर दाणा कुठला नि लसूण कुठला, कुणी सांगावं! ही औषधं मात्र भाकरी-चटणीसारखी, ताटात शेजारी. १९७३ साली मांडलेली ‘सात अधिक तीन’ पद्धत अजून चालते. सायटाराबिन सलाइनमधून सात दिवस अखंड, आणि डॉनोरुबिसिन किंवा त्याचं एखादं भावंड पहिले तीन दिवस रोज एकदा. सायटाराबिन पेशीला डीएनएची नक्कल करतानाच गाठतं आणि शरीरात लवकर मोडतं, म्हणून ठिबक थांबवायची नाही. डॉनोरुबिसिन डीएनएच्या पदरांत शिरून बसतं. दोघांचे वार वेगळे, म्हणून जोडी. मी ‘संयुक्त’ म्हणेन.

▪ ‘संयुक्त’ वाचून शाळेतलं ‘संयुग’ आठवतं, म्हणजे मिश्रणाहून वाईट! दोन पदार्थ एकजीव होऊन तिसराच तयार झाला असं वाटेल. सरळ ‘दोन औषधांची किमो’ म्हणा की. ‘रसायनोपचार’ तर घरात कुणीच बोलत नाही, सगळे किमोच म्हणतात.

▪ थोडं विषयांतर. डॉनोरुबिसिनमधला ‘रुबि’ म्हणजे माणिक. औषध लालभडक असतं, आणि ते दिल्यावर लघवीही एक-दोन दिवस लालसर होते. काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रक्त समजून घाबरतील. सायटाराबिनमधलं ‘अराब’ अरॅबिनोज साखरेवरून आलंय आणि त्या साखरेला नाव मिळालं अरबी डिंकावरून. तो डिंक बाभळीच्या जातभाईचा. डिंकाच्या लाडवाशी नातं आहे, पण नावापुरतंच.

▪ मूळ प्रश्नकर्ता: आभार. ‘दोन औषधांची किमो’ घेतो. लघवीचं काल सांगितलं ते बरं झालं, आज सकाळीच दिसलं. काकूंनी मात्र स्वतःचा शब्द काढलाय: “लाल तीन दिवस, पांढरी सात.” वॉर्डातल्या शेजारच्या बाईंनाही त्या तसंच समजावत होत्या.