जुन्या कपड्यांचे पुन्हा कपडे का होत नाहीत?

सूत्रधार (प्रश्न):
नमस्कार. अनेक मोठ्या कंपन्या दुकानांत जुने कपडे परत घेण्यासाठी पेट्या ठेवतात आणि नव्या कपड्यांवर ‘पुनर्चक्रित’ अशी पट्टी लावतात. मात्र वस्तू पुन्हा पुन्हा वापरात आणण्यासाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्यापैकी १ टक्क्याहूनही कमी साहित्य पुन्हा नव्या कपड्यांत येते. काच आणि ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत जे साधते, ते कापडाच्या बाबतीत का साधत नाही? अडचण तंत्राची आहे की पैशांची?

तंतुवेध:
दोन्ही आहेत, पण मूळ तंत्रात आहे. सुती कापड यंत्रावर फाडून आणि पिंजून त्याचे पुन्हा तंतू करता येतात. परंतु या ओढाताणीत तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतूंचे सूत जाडेभरडे व कच्चे निघत असल्यामुळे त्यात नवा कापूस मिसळावाच लागतो. लोकरीचे त्या मानाने बरे जमते. इटलीतील प्रातो येथे एकोणिसाव्या शतकापासून लोकरीच्या चिंध्यांपासून नवे कापड विणले जाते, आणि तेथील कारागीर चिंध्या रंगांनुसार इतक्या बारकाईने निवडतात की पुष्कळदा सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. आपल्या पानिपतमध्येही जुन्या लोकरी कपड्यांपासून घोंगड्या आणि ब्लँकेटे होतात.

खरा गुंता मिश्र कापडाचा आहे. आजच्या साध्या पँटमध्येही कापूस, पॉलिस्टर आणि ताणासाठी थोडे इलॅस्टेन असते. शिवाय शिलाईचा दोरा वेगळ्या तंतूचा, आणि बटणे व चेन धातूची किंवा प्लास्टिकची. हे सारे वेगळे करण्याचा खर्च नव्या कच्च्या मालाच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. म्हणून कापड कशाचे, किती तंतूंचे आणि कोणत्या जोडणीचे असावे, हे आरेखनाच्या वेळीच ठरले पाहिजे. पेटीत पडल्यावर त्यावर फारसा इलाज उरत नाही.

पट्टीवरील दाव्याबद्दलही सांगायला हवे. ‘पुनर्चक्रित पॉलिस्टर’ बहुतांशी जुन्या कपड्यांपासून नव्हे, तर प्लास्टिकच्या बाटल्यांपासून तयार होते. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा शर्ट झाला की तो फेरा बहुधा तेथेच संपतो. अशा कपड्याला चक्रीय, म्हणजे ज्याचे साहित्य पुन्हा पुन्हा वापरात येत राहते असा, म्हणणे मला मान्य नाही.

गिरणीकाठ:
पैशांच्या बाजूचे एक उदाहरण देते. स्वीडनमधील रीन्यूसेल ही कंपनी टाकाऊ सुती कापडापासून सेल्युलोजचा (कापूस ज्या द्रव्याचा बनलेला असतो त्याचा) लगदा बनवत असे, आणि त्यापासून व्हिस्कोजसारखे, म्हणजे लगद्यापासून बनणारे, तंतू काढता येत. २०२२ मध्ये सुंड्सवाल येथे तिचा मोठा कारखाना सुरू झाला आणि नामांकित ब्रँडांनी त्याचे स्वागतही केले. तरीही अपेक्षित खरेदी झाली नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे नव्या मालकांनी तो व्यवसाय घेतला. तंत्र उपलब्ध असताना केवळ पुरेशा मागण्या न आल्यामुळे असा कारखाना बंद पडावा, याचे मला आजही वाईट वाटते. किंमत थोडी जास्त असली तरी ठरावीक माल घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार कोणी करत नसेल, तर नवा गुंतवणूकदार पुढे येणार नाही.

सूत्रधार:
दोघांचेही आभार. मग ही जबाबदारी कायद्याने घालता येईल का?

तंतुवेध:
काही ठिकाणी घातली आहे. फ्रान्समध्ये कपडे बाजारात आणणाऱ्यांवर त्यांच्या विल्हेवाटीच्या खर्चाचा भार टाकण्याची व्यवस्था २००७ पासून आहे, आणि २०२३ पासून तेथे कपडे व पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्या ग्राहकाला बिलात सवलतही मिळते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक आहे, तर न विकलेले कपडे नष्ट करण्यास मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून मनाई आहे. मात्र गोळा केलेला माल हाताळणारी क्षमता नसेल, तर तो जुन्या कपड्यांच्या निर्यातीत जातो. घानामधील अक्राचा कांतामांतो बाजार आणि चिलीतील अटाकामाच्या वाळवंटात साचलेले कपड्यांचे ढीग ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

गिरणीकाठ:
यात एक भर घालते. वर उल्लेखलेल्या अहवालानुसार २००० ते २०१५ या काळात कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा वापरला जातो, ते प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या चक्रीयतेचा दावा तपासताना मी प्रथम ती वर्षाला किती नग बनवते आणि तो आकडा वाढतो आहे की घटतो आहे, हे पाहते. परत घेण्याच्या पेट्या, पट्ट्या आणि पुनर्चक्रित साहित्याची टक्केवारी यांचा विचार त्यानंतर करते.