मदत हवी आहे: दूध काट्याचे आकडे मधेच गळतात, बफर मोठा करूनही (एसटीएम३२)

उद्यमनगर_जुळणी:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात छोट्या सर्किटची कामं करतो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला संकलनासाठी पेटी करून दिलीय. इलेक्ट्रॉनिक काट्याकडून सिरीयलवर वजन येतं, बटण दाबलं की नोंद होते, पावती निघते. चिप एसटीएम३२एफ१०३ (छोटा मायक्रोकंट्रोलर), सिरीयलचा वेग सेकंदाला ९६०० बिट. काटा सेकंदाला दहाएक ओळी पाठवतो. ओळीत सुरुवातीची ०२ ही खूण, मग ००१२.४० अशी सात अक्षरं, शेवटी ओळ संपल्याच्या खुणा ०डी ०ए.

परवा सकाळी एका आजींच्या पावतीवर १२.४० लिटरऐवजी २.४० आलं. त्यांनी तिथंच दाखवलं म्हणून कळलं. न बघता गेलेले किती असतील या विचारानं दोन रात्री झोप नाही.

प्रत्येक अक्षराला इंटरप्ट येतो (चालू काम थांबवून अक्षर उचलायची हाक), मी ते ६४ बाइटच्या रिंग बफरमध्ये (गोल फिरून पुन्हा वापरायची तात्पुरती जागा) टाकतो आणि मुख्य लूप तिथून ओळ उचलतो. बफर ५१२ केला, फरक शून्य. वायर बदलली, अर्थिंग तपासलं. चुकलेल्या वेळी बफरमध्ये ०२ आहे आणि थेट पुढं २.४०. मधली ००१ गायब. कुठं बघू?

शिरोली_फर्मवेअर:

भावा, खूण शाबूत आणि तिच्या मागची अक्षरं गायब, हा ओव्हररन आहे, म्हणजे आधीचं अक्षर उचलायच्या आत पुढचं येऊन पडलं. या चिपच्या युआर्टला (सिरीयलवरची अक्षरं घेणारा भाग) फिफो, म्हणजे अक्षरांची रांग धरून ठेवणारी जागा, नाही. आत येणारं अक्षर जुळवणारं एक शिफ्ट रजिस्टर आणि आलेलं अक्षर ठेवणारं एक डेटा रजिस्टर, बस्स. डेटा रजिस्टरमधलं अक्षर कुणी उचललं नाही तर ते तसंच राहतं, नंतर येणारी शिफ्ट रजिस्टरमध्ये एकावर एक पडून वाया जातात. तुझी ०२ आत बसून राहिली, ००१ वाहून गेली.

म्हणून बफर मोठा करून उपयोग नाही. किटली मोठी आणली, पण ओतणारा हातच थांबलाय. ९६०० ला एक अक्षर सुमारे १.०४ मिलिसेकंदाचं. म्हणजे तुझा इंटरप्ट तीन मिलिसेकंद तरी अडकला. नोंद कुठं साठवतोस? आणि चुकलेल्या नोंदींचे क्रमांक सांग.

उद्यमनगर_जुळणी:

चिपच्याच फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), १६ बाइटची एक नोंद. बटण दाबलं की आधी जागा तयार करतो, मग काट्याची पुढची ओळ घेऊन तीच लिहितो. आज सगळी यादी काढली. संशयास्पद नोंदी तीन: ६५, १९३, ३२१.

शिरोली_फर्मवेअर:

तिघांनाही ६४ नं भाग, बाकी १ उरते. तुझ्या चिपमध्ये फ्लॅशचं पान (एका वेळी पुसला जाणारा तुकडा) १ केबीचं, म्हणजे ६४ नोंदी. पान भरलं की तू पुढचं पुसतोस. पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून एकही सूचना वाचता येत नाही. इंटरप्टचा कोड फ्लॅशमध्येच, त्यामुळं तोही ताटकळतो. नुसतं लिहिताना अर्धा शब्द (१६ बिट) ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास जातो, म्हणून एरवी काही बिघडत नाही. पुसणं संपताना ओळ मधोमध असेल तरच घात होतो, म्हणून ६५ ला झालं आणि १२९ सुटलं.

उपाय डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता अक्षरं थेट मेमरीत नेणारा चिपमधला भाग. युआर्ट १ असेल तर डीएमए १ चं चॅनल ५, सर्क्युलर मोड (टोक आलं की पुन्हा सुरुवातीपासून), बफर रॅममध्ये. प्रोसेसर थांबला तरी डीएमए अक्षरं उचलत राहतो. कुठवर भरलं ते बफरच्या लांबीतून सीएनडीटीआर (किती जागा उरली ते सांगणारं रजिस्टर) वजा करून कळतं. आयडल इंटरप्ट (लाइन शांत झाली की येणारा) लावलास की ओळ संपल्याचंही कळेल.

निवृत्त_टेलिकॉम:

वरचं बरोबर. मोटोरोलाच्या ६८३६० आणि एमपीसी८६० या चिपांवर काम केलंय. तिथं सिरीयल कंट्रोलर प्रत्येक बफरसाठी ८ बाइटचा डिस्क्रिप्टर ठेवायचा: स्थिती, लांबी, पत्ता. 'रिकामा' बिट १ असेल तर बफर कंट्रोलरचा, ० झाला की तुमचा. त्यामुळं अर्धवट भरलेल्याला हात लावायचा प्रश्नच नसे. तुमच्या डीएमएत असा बिट नाही, ती शिस्त कोडमध्ये पाळा. भरण्याच्या जागेपुढचं कधी वाचू नका.

आणि एक कळकळीनं सांगतो. ओव्हररनचा फ्लॅग उठला किंवा सात अक्षरं भरली नाहीत, तर ती ओळ फेकून पुढची घ्या. लोकांच्या दुधाचा हिशोब आहे, २.४० ला तुमचा कोड 'बरोबर' म्हणाला हीसुद्धा चूकच आहे.

उद्यमनगर_जुळणी:

पटलं. लांबी तपासतच नव्हतो. डीएमए लावला, बफर १२८ चा. टेबलावर दुसऱ्या चिपकडून काट्यासारख्या ओळी सोडून रात्रभर पानं पुसत ठेवलं, एकही ओळ तुटली नाही. शिवाय पुढचं पान आता पावती छापून झाल्यावर पुसतो, वजन घेताना नाही. उद्या सकाळच्या संकलनाआधी पेटी बदलतोय. त्या तिन्ही नोंदी सचिवांना दाखवल्यात, या दहा दिवसांच्या बिलातच फरक जमा करतो म्हणालेत. आजींचे दहा लिटरही त्यात आहेत.