मदत हवी आहे: घरी बनवलेल्या कॅमेरा स्लायडरसाठी कोणती मोटर घ्यावी?

नमस्कार. साधारण एक मीटर लांबीचा, मोटरवर चालणारा कॅमेरा स्लायडर (कॅमेरा रुळावरून सरकवणारे साधन) मी घरी तयार करत असून त्यासाठी मोटर निवडताना जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कॅमेरा, लेन्स आणि बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या कोनात बसवणारा सांधा) मिळून वजन सुमारे २ किलो होते.

मुलाखतीच्या चित्रीकरणात स्लायडर संथ आणि आवाज न करता सरकावा, आणि टाइमलॅप्समध्ये प्रत्येक छायाचित्रानंतर तो ठरावीक अंतरच पुढे जावा, अशी माझी गरज आहे. त्यामुळे साधी गिअरची डीसी मोटर मी जवळजवळ बाद केली आहे, कारण एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) जोडल्याशिवाय ती नेमकी किती फिरली हे कळत नाही. याउलट स्टेपर मोटर ठरावीक कोनाच्या पावलांनी फिरते; १.८ अंशांची नेमा १७ (मोटरचे प्रमाणित आकारमान) स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावले टाकते. २० दात्यांची पुली आणि जीटी२ पट्टा (दर २ मिलिमीटरवर दाता असलेला) लावल्यास एका फेरीत ४० मिलिमीटर, म्हणजे एका पावलाला ०.२ मिलिमीटर अंतर कापले जाते, आणि मायक्रोस्टेपिंगने (एका पावलाचे छोटे भाग करून) ते आणखी सूक्ष्म करता येते.

खरी अडचण तिरक्या मांडणीची आहे. ४५ अंशांच्या चढावर, घर्षण सोडून, सुमारे ०.९ किलो-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागेल असा माझा हिशेब आहे. ४ किलो-सेंटिमीटर होल्डिंग टॉर्कची (थांबलेल्या स्थितीत धरून ठेवण्याच्या जोराची) मोटर येथे निर्धास्तपणे वापरता येईल का? वीजपुरवठा तुटल्यावर कॅमेरा घसरू नये म्हणून, वेग कमी झाला तरी चालेल असे मानून, पट्ट्याऐवजी २ मिलिमीटर लीडचा (एका फेरीत २ मिलिमीटर सरकवणारा) स्क्रू घेणे अधिक योग्य ठरेल का? तसेच टीएमसी२२०९ ड्रायव्हर (स्टेपर मोटर चालवणारी चिप) वापरल्यावर जवळच्या मायक्रोफोनमध्ये मोटरचा आवाज येतो का, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणी कळवल्यास मी आभारी राहीन.