सँडविच खरंच जुगाराच्या टेबलावर जन्मलं का?

मुरंब्याची_बरणी
सँडविचच्या अर्लाने (अर्ल म्हणजे इंग्लिश सरदार) पत्ते खाली ठेवायला नकोत म्हणून ब्रेडमध्ये मांस घालून मागवलं, ही गोष्ट जिथे तिथे वाचायला मिळते. तिला त्या काळातला पुरावा काय आहे? दुसरं म्हणजे, तेव्हाच्या पद्धतीचं बीफ सँडविच दोनदा करून पाहिलं. पातळ कापताना ब्रेडचा चुरा होतो आणि पहिल्याच घासाला मांसाची अख्खी चकती बाहेर ओढली जाते. काय चुकतंय?

बखरवाला
पुरावा आहे, पण एकाच माणसाचा, आणि तोही ऐकीव. प्येर-जाँ ग्रोस्ले हा फ्रेंच माणूस १७६५ साली लंडनला गेला होता. १७७० मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो, की एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावरून उठला नाही आणि तेवढ्या वेळात भाजलेल्या ब्रेडच्या दोन कापांमधलं बीफ सोडून त्याने काही खाल्लं नाही. आपल्या लंडनच्या मुक्कामातच या पदार्थाची टूम निघाली, असंही तो म्हणतो.

गोची इथेच आहे. २४ नोव्हेंबर १७६२ च्या रोजनिशीत इतिहासकार एडवर्ड गिबनने लंडनच्या 'कोकोआ ट्री' क्लबमधलं दृश्य टिपलंय: देशातली वीस-तीस बडी मंडळी छोट्या टेबलांवर थंड मांसाचा तुकडा किंवा सँडविच खातायत. शब्दाचा अर्थ सांगायची त्याला गरज वाटली नाही, म्हणजे तो तेव्हाच रुळलेला होता. ग्रोस्लेच्या तीन वर्षं आधी!

सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) १७६५ मध्ये मंत्री होता आणि कामात बुडालेला होता. त्याचा चरित्रकार रॉजर म्हणतो, की सँडविच जुगारापेक्षा कामाच्या टेबलावर खाल्लं गेलं असण्याचीच शक्यता जास्त. मला हे पटतं. अर्थात गप्पांत पत्तेच चालणार, फायली कोण ऐकतो?

तिसरी_घंटा
शोध त्याचा नाहीच, फक्त नाव त्याचं. ज्यू लोकांच्या पेसाह सणात हिल्लेल हा धर्मगुरू (इ.स.पू. पहिलं शतक) कोकराचं मांस आणि कडू पाला मात्झा या बिनखमिराच्या रोटीबरोबर एकत्र खायचा.

बखरवाला
@तिसरी_घंटा, त्या प्रकाराचं नाव कोरेख, आणि त्याचा अर्थ गुंडाळणं. ती सुरळी झाली. तसं धरलं तर भाकरीत ठेचा घालून दुमडला की आपणही शर्यतीत. दोन सुटे काप, मध्ये थंड मांस, असा ठरलेला पदार्थ आणि त्याला स्वतःचं नाव, हे मात्र अठराव्या शतकातलं लंडनच.

पाटा_वरवंटा
आता करण्याबद्दल. चुरा होतो कारण ब्रेड ताजा आहे. आदल्या दिवशीचा अख्खा, न कापलेला ब्रेड घ्या. आधी कापून मग लोणी लावायचं नाही, क्रम उलटा ठेवायचा: टोक कापून टाका, उघड्या बाजूला कडेपर्यंत लोणी फासा आणि मग तो काप दातेरी सुरीने उतरवा. ५–६ मिमी जाडी पुरे. लोण्याच्या थरामुळे कापाचा चुरा होत नाही. लोणी बोटाने सहज दबेल इतकं मऊ हवं. फ्रिजमधलं लावलंत तर ब्रेड सोलून निघेल.

मांस बाहेर ओढलं जातं कारण ते धाग्याच्या दिशेने कापलंय. रोस्ट पूर्ण थंड होऊ द्या, धाग्याला आडवं, २ मिमीच्या आसपास कापा आणि एक जाड चकती ठेवण्याऐवजी तीन-चार पातळ चकत्या रचा. १७७० च्या दशकातल्या शार्लट मेसनच्या कृतीतही 'अतिशय पातळ' यावरच भर आहे. बीफ खात नसाल तर हॅम चालेल, तिने तेही सुचवलंय.

मोहरीची पूड थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. गरम पाण्यात झणका येतच नाही. कडा रचून झाल्यावरच कापा, आधी कापल्या तर काप जुळत नाहीत.

लोण्याचं दुसरं काम म्हणजे ओल अडवणं. मुंबईचा सँडविचवाला चटणीच्या आधी लोणी फासतो ते याचसाठी. क्रम बदलला तर काकडी-टोमॅटोपर्यंत पोचायच्या आत ब्रेडचा लगदा.

मुरंब्याची_बरणी
दोघांचेही आभार. तयार स्लाइस ब्रेड वापरला तर?

पाटा_वरवंटा
चव चालेल, पण तो जाड असतो आणि वरची लोण्याची युक्ती बाद होते. शिवाय तो १९२८ चा: ७ जुलैला मिझूरीतल्या चिलिकॉथीच्या बेकरीने ओट्टो रोहवेडरच्या यंत्रावर कापलेला ब्रेड विकायला काढला. रोहवेडर पेशाने जवाहिऱ्या. कापण्याइतकीच काप एकत्र धरून ठेवण्याची पंचाईत होती, कारण प्रत्येक उघड्या बाजूने ओल उडते. त्याने आधी पिना टोचून पाहिल्या, पण ते जमलं नाही.

बखरवाला
त्या ओलीपायीच कापलेल्या ब्रेडला जाड मेणकागद लागायचा. युद्धकाळात अमेरिकेने १८ जानेवारी १९४३ पासून कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली, त्यामागे कागदाची बचत हे एक कारण होतं. गृहिणी इतक्या भडकल्या की ८ मार्चला बंदी मागे घ्यावी लागली.