मदत हवी आहे : टेस्ट 99% अचूक, मग आजाराची शक्यता फक्त 9% कशी?

नमस्कार मंडळी, संभाव्यता अगदी बेसिकपासून शिकतोय, फासे, नाणी, पत्ते इथपर्यंत सगळं नीट कळलं पण सशर्त संभाव्यतेपाशी (म्हणजे एक गोष्ट घडलीय हे माहीत असताना दुसरीची शक्यता किती) गाडी अडकलीय.

समजा एखादा आजार 1000 मधल्या 1 माणसाला असतो. टेस्ट अशी की आजार असलेल्या 100 पैकी 99 जणांना पॉझिटिव्ह दाखवते आणि निरोगी 100 पैकी 1 जणाला उगाचच पॉझिटिव्ह दाखवते. आता 1 लाख लोक घेतले तर आजारी 100, त्यातले 99 पॉझिटिव्ह, आणि निरोगी 99,900, त्यातले 999 पॉझिटिव्ह, म्हणजे एकूण 1098 पॉझिटिव्ह आणि त्यात खरे आजारी फक्त 99, साधारण 9%. बेझच्या सूत्राने (नवी माहिती मिळाल्यावर आधीची शक्यता बदलून काढायचं सूत्र) पण हेच येतं. सूत्रापेक्षा ही माणसं मोजायची पद्धतच मला जास्त पटते खरं तर.

माझा प्रश्न पुढचा आहे. त्याच माणसाची परत टेस्ट केली आणि तीही पॉझिटिव्ह आली तर सुरुवातीला 1000 त 1 च्या जागी हे 9% घ्यायचे का? तसं केलं तर उत्तर जवळपास 91% येतंय. पण त्यासाठी दोन्ही टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र धराव्या लागतात ना? एखाद्याच्या रक्तातच असं काही असेल ज्यामुळे टेस्ट दर वेळी चुकते, तर मग हा हिशोब कसा करायचा?

कोणी आकडे घेऊन, पायरी पायरीने समजावून सांगेल का प्लीज? नुसतं सूत्र नकोय.